तिसरी पिन

कामिलोने ॲम्प आणला टॅक्सीच्या डिकीतून,
दुलईत गुंडाळून, आजारी माणसासारखा.
"परकार, हा बोलायच्या आधीच कण्हतो."
मनामात, हूऱ्याच्या एका हॉटेलात, तळमजल्यावर
तो आठवड्याच्या सहा रात्री गिटार वाजवतो,
आणि गाणं संपतं तिथे, टाळ्यांच्या जरा आधी,
ही घूं पुढे येऊन उभी राहते.

आधी ऐकायचं. हत्यार नंतर.
दुकानाचा एसी बंद केला, ट्यूबलाइट बंद केली,
तिचाही एक सूर असतो, नाकातला.
बाहेर बेचाळीस. आत आम्ही दोघं घामाघूम
आणि मधोमध ॲम्प,
झाकून ठेवलेल्या पोळ्यासारखा.

घूं असेल तर वीज. खरखर असेल तर टाका.
टिचकीला घंटेसारखी वाजली तर ट्यूब थकली.
हे मला दाभोळच्या रेडिओवाल्या हसनमियांनी शिकवलं,
ज्यांचा उजवा अंगठा एका झटक्यापासून बधिर होता.
म्हणून अजून मी एक हात खिशात ठेवतो.
बंद ॲम्पमध्येही वीज दबा धरून बसते;
ती आधी उतरवायची,
मग बोट घालायचं, परक्याच्या घरात घालावं तसं पाऊल.

पहिली ट्यूब उपसली. घूं तशीच.
दुसरी उपसली. तशीच.
म्हणजे दुखणं पुढे, पोटात.
दोन कपॅसिटर, डोळे आल्यासारखे सुजलेले.
ते बदलले. ट्यूबा परत बसवून
पेन्सिलच्या खोडरबराने एकेकीला टकटक केलं,
एकीने उलट टकटक केली. तीही बदलली.
आता ॲम्प गप्प.
कामिलोने एक स्वर सोडला; तो भिंतीपर्यंत गेला,
परत आला, वाटेत कुणी भेटलं नाही.
मी अठरा दिनार घेतले, रुबाबात.

रात्री साडेअकराला फोन.
"ये. परत कण्हतोय."

स्टेजमागे, पडद्याआड,
सॉकेटला तीन भोकं, अगदी नीटनेटकी.
मीटर लावला. तिसरं मुकं.
पट्टी उघडली: हिरवी-पिवळी वायर
भिंतीत चार बोटं जाते आणि संपते.
तोडलेली नव्हती. कुणी जोडलीच नव्हती.
इतकी वर्षं अख्खा मजला
तिसऱ्या पिनचं सोंग घेऊन उभा.

"म्हणजे हिला जमीनच नाही?" कामिलो म्हणाला.
मला हसू आलं.
जिथे आम्ही उभे होतो तिथे मुळात समुद्र होता,
ट्रकांनी वाळू ओतून केलेली ही जमीन,
आमच्या सगळ्यांपेक्षा वयाने लहान.

शुक्रवारी, लाँड्रीच्या गरम वाफेखाली
मी आणि वॉचमन तोफज्जल, खड्डा खणत.
कबाबवाल्याकडून कोळसा आणला.
मिठाची पिशवी फोडली तर तोफज्जल
चिमूटभर वाळू जिभेवर ठेवून म्हणाला,
"उस्ताद, हिच्यात आधीच आहे."
खरंच होती खारट.
तांब्याची सळई उतरवली, पुरुषभर खोल,
तिला वायर बांधली, माती लोटली.
"आता रोज एक बादली पाणी घालायचं."
"काय उगवणार?"
"काही नाही. घालत राहायचं."

काल मागच्या टेबलावर लिंबूपाणी घेऊन बसलो.
गाणं संपलं. टाळ्यांच्या आधीची ती फट आली,
आणि तिच्यात कुणीच उभं नव्हतं.
कामिलो बावरला. ॲम्प मेला की काय म्हणून
त्याने उगीच एक तार छेडून पाहिली.

मग तेवढ्यात, भिंतीपलीकडून,
बादली ओतल्याचा आवाज.
त्याने भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं: हा कुठला?
मी हाताने खूण केली,
राहू दे.